मोफत पर्यायी साप्ताहिक

मोफत पर्यायी साप्ताहिक म्हणजे एखाद्या शहरात किंवा परिसरात आठवड्यातून एकदा निघणारे, वाचकाकडून किंमत न घेता केवळ जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे आणि स्थानिक कला, करमणूक व नगरजीवन हे आपले मुख्य क्षेत्र मानणारे वृत्तपत्र होय. नाटक, संगीत, चित्रपट, चित्रप्रदर्शने, खाद्यगृहे यांची परीक्षणे, आठवड्याभराची कार्यक्रमसूची, छोट्या जाहिराती आणि त्यांच्याच जोडीला नगरकारभारावरील दीर्घ शोधलेख असा त्याचा ठरलेला ऐवज असतो. 'पर्यायी' हे विशेषण दैनिकांच्या संदर्भात वापरले जाते. दैनिकाला ज्या घटनेसाठी चार ओळींहून अधिक जागा नसते, किंवा जागा असूनही धाडस नसते, ती घटना येथे पानभर येते.

हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत व कॅनडात वाढला. मराठीत त्याच्याशी तंतोतंत जुळणारे पत्र ठळकपणे दाखविता येत नाही. मात्र त्याची निरनिराळी अंगे मराठी नियतकालिकांच्या इतिहासात वेगवेगळ्या ठिकाणी स्पष्ट दिसतात. कलाविषयक वार्तांकन एका परंपरेत, प्रस्थापिताला विरोध दुसऱ्या परंपरेत आणि विनामूल्य वाटप तिसऱ्याच ठिकाणी, अशी त्यांची विभागणी झालेली आहे.

उगम

या प्रकाराचे मूळ न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या पत्रात शोधले जाते. डॅन वुल्फ, एड फँचर आणि कादंबरीकार नॉर्मन मेलर यांनी २६ ऑक्टोबर १९५५ रोजी ते सुरू केले. ग्रीनिच व्हिलेज या वस्तीत त्या काळी चित्रकार, कवी व हौशी नाटकवाले राहत असत आणि त्यांच्या कामाची दखल मोठी दैनिके क्वचितच घेत. पत्राची किंमत आरंभी पाच सेंट होती, म्हणजे ते मोफत नव्हते. जॉनस मेकस यांनी १९५८ पासून त्यात प्रायोगिक चित्रपटांवर सदर लिहिले. ज्यूल्स फायफर यांच्या चित्रमालिका तेथेच गाजल्या. ब्रॉडवेबाहेरच्या लहान रंगमंचांवरील नाटकांना मान मिळावा म्हणून या पत्राने १९५६ मध्ये 'ओबी' पारितोषिके सुरू केली. ज्या नाटकांना पन्नास-शंभर प्रेक्षक मिळत, त्यांच्या प्रयोगांची नोंद पुढील पिढ्यांना उपलब्ध झाली ती प्रामुख्याने या पत्राच्या पानांतून.

१९६०च्या दशकात व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात आणि तरुणांच्या चळवळीतून 'लॉस एंजेलिस फ्री प्रेस' (१९६४), 'बर्कली बार्ब' (१९६५) यांसारखी भूमिगत म्हणविली जाणारी पत्रे निघाली. ऑफसेट छपाईमुळे शिशाचे खिळे जुळविण्याची गरज उरली नव्हती. टंकलिखित मजकूर कापून कागदावर चिकटवला की पान तयार होई. भांडवल थोडे लागे, अनुभव त्याहूनही थोडा. यांतील बहुतेक पत्रे युद्धाबरोबरच संपली. जी उरली, किंवा त्यांच्या राखेतून जी नवी निघाली, त्यांनी घोषणांचा सूर खाली आणला आणि शहराच्या रोजच्या जीवनाकडे मोर्चा वळविला. १९७० मध्ये ॲरिझोनातील विद्यार्थ्यांच्या युद्धविरोधी आंदोलनातून निघालेले 'न्यू टाइम्स' हे अशा स्थित्यंतराचे उदाहरण आहे.

विनामूल्य वाटपाची पद्धत रूढ केली ती 'शिकागो रीडर'ने. महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या काही मित्रांनी १ ऑक्टोबर १९७१ रोजी या पत्राचा सोळा पानी पहिला अंक काढला. अंक विकत घ्यायला लावण्यापेक्षा तो तरुण मंडळी जेथे बसतात-उठतात तेथे ठेवून द्यावा, असा त्यांचा विचार होता. पुस्तकांची दुकाने, उपाहारगृहे, धुलाईकेंद्रे, नाट्यगृहांची प्रवेशदालने येथे गठ्ठे ठेवले जात आणि ज्याला हवा तो अंक उचलून नेई. आरंभीची काही वर्षे तोट्यात गेली. पुढे घरभाडे, नोकऱ्या, जुन्या वस्तू यांच्या छोट्या जाहिरातींनी पाने भरू लागली आणि या पद्धतीचे अनुकरण शहराशहरांत झाले. व्हँकुव्हरचे 'जॉर्जिया स्ट्रेट' (१९६७), पोर्टलंडचे 'विलामेट वीक' (१९७४), 'एलए वीकली' (१९७८), टोरांटोचे 'नाऊ' (१९८१), सिॲटलचे 'द स्ट्रेंजर' (१९९१) ही त्यांतील ठळक नावे होत. १९७८ मध्ये अशा पत्रांची संघटनाही स्थापन झाली. खुद्द 'व्हिलेज व्हॉइस'ला प्रतिस्पर्धी मोफत पत्रांच्या दबावाने १९९६ मध्ये मॅनहॅटनमध्ये किंमत सोडून द्यावी लागली.

अर्थव्यवहार

मोफत पत्राचा वाचक हा ग्राहक नसतो. त्याचे लक्ष हा विक्रीचा माल असतो आणि जाहिरातदार हा ग्राहक. ही गोष्ट ऐकायला कडवट वाटली तरी तिच्यातून एक अनपेक्षित स्वातंत्र्य निर्माण झाले. दैनिकाचे उत्पन्न मोटारकंपन्या, बँका, मोठी दुकाने अशा मोजक्या बड्या जाहिरातदारांवर अवलंबून असे. साप्ताहिकाचे उत्पन्न शेकडो लहान दुकानदार, नाट्यगृहे, गायनाच्या बैठका भरविणारी उपाहारगृहे आणि छोट्या जाहिराती देणारे सामान्य नागरिक यांच्यात विखुरलेले असे. एक जाहिरातदार रागावून गेला तर पत्र बुडत नसे. 'विलामेट वीक'ने माजी राज्यपालाचे जुने लैंगिक गैरवर्तन उघडकीस आणले आणि त्या वृत्तांकनासाठी २००५ मध्ये त्याच्या वार्ताहराला पुलित्झर पारितोषिक मिळाले. परीक्षणलेखनातही या पत्रांनी मान मिळविला. 'बॉस्टन फीनिक्स'चे संगीतसमीक्षक लॉइड श्वार्ट्झ यांना १९९४ मध्ये आणि 'एलए वीकली'चे खाद्यसमीक्षक जोनाथन गोल्ड यांना २००७ मध्ये पुलित्झर मिळाले. गोल्ड यांनी मेक्सिकन, कोरियन, थाई स्थलांतरितांच्या लहान खानावळींवर ज्या गांभीर्याने लिहिले, त्या गांभीर्याने तोवर केवळ उंची फ्रेंच उपाहारगृहांवर लिहिण्याची चाल होती.

याच अर्थव्यवहारात त्यांच्या पडझडीचेही बीज होते. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या 'क्रेग्जलिस्ट' या संकेतस्थळाने छोट्या जाहिराती विनामूल्य घेण्यास आरंभ केला आणि दहा-बारा वर्षांत साप्ताहिकांच्या शेवटच्या पानांचे उत्पन्न आटले. काही पत्रसमूहांनी देहविक्रयाकडे झुकणाऱ्या जाहिरातींवर भिस्त ठेवली. 'बॅकपेज' हे त्यातून निघालेले संकेतस्थळ २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने जप्त केले. ज्यांनी दुसऱ्यांचे गैरव्यवहार उघडकीस आणण्यावर नाव कमावले, त्यांच्या पदरी हा कलंक यावा ही या इतिहासातील खेदाची बाब आहे. 'बॉस्टन फीनिक्स' २०१३ मध्ये बंद पडले. 'व्हिलेज व्हॉइस'ची छापील आवृत्ती २०१७ मध्ये थांबली, पुढील वर्षी पत्रच मिटले आणि २०२१ मध्ये त्याचे मर्यादित पुनरुज्जीवन झाले. २०२० मधील साथीत नाट्यगृहे आणि उपाहारगृहे एकदमच बंद झाल्याने उरलेल्या पत्रांचा आधारही तुटला. 'शिकागो रीडर'ने २०२२ मध्ये ना-नफा संस्थेचे रूप स्वीकारले.

भारतातील परिस्थिती

भारतात हा प्रकार रुजला नाही, याची कारणे वाचकांच्या अभिरुचीपेक्षा टपाल, रद्दी आणि अंकाची किंमत यांत अधिक सापडतात.

भारतीय डाकघर अधिनियम, १८९८ याच्या नवव्या कलमानुसार सवलतीच्या दरात टपालाने जाण्यासाठी वृत्तपत्र एकतीस दिवसांपेक्षा अधिक अंतराने निघता कामा नये आणि त्याच्यापाशी खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असली पाहिजे, अशा अटी होत्या. मोफत पत्राला वर्गणीदार नसतात. म्हणजे ही सवलत त्याला मिळणे कठीण. मराठी साप्ताहिके तर खेडोपाडी पोहोचत होती ती टपालानेच. अमेरिकेतही टपालसवलतीचे नियम पैसे देणाऱ्या वर्गणीदारांनाच अनुकूल होते. तेथील पत्रांनी टपाल टाळून गठ्ठे ठेवण्याची वाट काढली, कारण त्यांचा वाचक एका शहरात एकवटलेला होता. मराठी साप्ताहिकाचा वाचक मात्र रिसोडपासून सावंतवाडीपर्यंत विखुरलेला असे.

दुसरे कारण रद्दीचे. जेथे जुना कागद किलोच्या भावाने विकला जातो, तेथे कोपऱ्यावर बेवारस ठेवलेला अंकांचा गठ्ठा वाचकाच्या हाती जाण्याआधी रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याची शक्यता अधिक. तिसरे असे की, भारतीय दैनिकांची किंमत कागदाच्या खर्चापेक्षाही कमी ठेवण्याची प्रथा असल्याने 'मोफत' या शब्दाचे आकर्षण मुळातच थोडे. शिवाय १९४८ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स'सारख्या संस्थेने खपाची मोजणी विकलेल्या प्रतींवर आधारल्यामुळे मोठे जाहिरातदार फुकट वाटलेल्या अंकाला वजन देत नसत.

कायद्याने मात्र असे पत्र काढण्यास कधी मज्जाव केला नाही. मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियम, १८६७ याखाली दंडाधिकाऱ्यापुढे करावयाच्या घोषणापत्रात किरकोळ विक्रीची किंमत लिहिण्याचा रकाना असे आणि अंक विनामूल्य असल्यास तेथे तसे नमूद करण्याची सूचनाही असे. हा अधिनियम जाऊन त्याच्या जागी वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि नोंदणी ऑनलाइन होऊ लागली.

भारतातील जवळचे उदाहरण चेन्नईचे आहे. व्हिन्सेंट डिसूझा यांनी १९९४ मध्ये सुरू केलेले 'मैलापूर टाइम्स' हे इंग्रजी साप्ताहिक एका जुन्या वस्तीपुरते निघते आणि घरोघरी विनामूल्य दिले जाते. मार्गळी महिन्यातील संगीतसभा, देवळांचे उत्सव, रस्त्यांची दुरवस्था आणि शेजारच्या शाळेचे स्नेहसंमेलन हे सर्व त्यात एकाच पानावर नांदते. मुंबईत २००४ मध्ये 'टाइम आउट' या मूळ लंडनच्या नियतकालिकाची आवृत्ती सुरू झाली. ती पाक्षिक होती आणि विकत मिळत असे. सुमारे दहा वर्षांनी तिची छापील आवृत्ती थांबली. लंडनचा मूळ अंक (स्थापना १९६८) मात्र २०१२ मध्ये मोफत झाला. मुंबईच्या आवृत्तीत मराठी नाटकांची दखल असे, पण ती इंग्रजी वाचकाला ओळख करून देण्याच्या भूमिकेतून.

मराठीतील समांतर परंपरा

कला आणि करमणूक यांना वाहिलेली नियतकालिके मराठीत जुनी आहेत. किर्लोस्कर नाटक मंडळीशी संबंधित असलेले शंकर बापूजी मुजुमदार यांनी पुण्यातून 'रंगभूमि' हे नाट्यविषयक मासिक विसाव्या शतकाच्या आरंभी चालविले. पुढे अनंत हरी गद्रे यांच्या संपादनाखाली 'मौज' साप्ताहिकाने राजकारण, नाटक व विनोद यांचे मिश्रण वाचकांना दिले. गद्रे हे नाटकांच्या जाहिरातींचे कल्पक लेखकही होते, आणि कलावार्ता व जाहिरात यांची गाठ मराठीत किती लवकर पडली हे त्यांच्या उदाहरणावरून कळते. नाशिकच्या 'गावकरी' समूहाचे 'रसरंग' हे चित्रपटविषयक साप्ताहिक दीर्घकाळ एस.टी. स्थानकांवरील दुकानांत टांगलेले दिसे. मुंबई-पुण्याच्या दैनिकांतील नाटकांच्या जाहिरातींचे पान हे तर नाट्यरसिकांसाठी कार्यक्रमसूचीच होय. त्या पानाला कोणी वाङ्मय म्हणत नाही. तरीही कोणत्या नाटकाचा कितवा प्रयोग कोठे झाला, याचा पुरावा म्हणून अभ्यासकाला तेथेच जावे लागते.

प्रस्थापित वृत्तपत्रांना पर्याय देणारी साप्ताहिके ही दुसरी परंपरा. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले 'साधना' आणि श्री. ग. माजगावकर यांनी १९६१ मध्ये सुरू केलेले 'माणूस' यांचा उल्लेख येथे अटळ आहे. 'माणूस' हे आरंभी मासिक होते, मग ते साप्ताहिक झाले. वि. ग. कानिटकर यांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आणि अरुण साधू यांचे 'आणि ड्रॅगन जागा झाला' ही लेखने क्रमशः त्यातूनच वाचकांपुढे आली. अनिल अवचटांसारख्या तरुणाला प्रत्यक्ष हिंडून, पाहून, लोकांशी बोलून लिहिण्यासाठी जागा मिळाली ती अशाच साप्ताहिकांत. अमेरिकी पर्यायी साप्ताहिकांच्या दीर्घ वृत्तलेखाशी याचे साम्य उघड आहे, परंतु ते अनुकरणातून आलेले दिसत नाही. दैनिकांत जागा नसणे, हे दोन्हीकडचे सामाईक कारण.

पर्यायी पत्राला मोजावी लागणारी किंमत 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकाने दाखवून दिली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त दलितांच्या स्थितीवर निघालेल्या, अनिल अवचट यांनी संपादित केलेल्या या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख प्रसिद्ध झाला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारी शिक्षा यांची त्यात केलेली तुलना आणि तिची भाषा यांवरून प्रचंड वादळ उठले. दुर्गा भागवत यांच्यासारख्या लेखिकेनेही लेखावर टीका केली. लेखाच्या शब्दांविषयी मतभेद आजही आहेत. परंतु त्या वादाने दलित पँथरचे नाव महाराष्ट्रभर पोहोचविले. मोठ्या भांडवलाच्या दैनिकाने तो लेख त्या रूपात छापला असता, असे मानण्यास जागा नाही.

तिसरी परंपरा लघुनियतकालिकांची, आणि मोफत पर्यायी पत्राच्या वृत्तीला सर्वांत जवळची तीच. १९५०च्या दशकाच्या मध्यास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ प्रभृतींनी 'शब्द' हे चक्रमुद्रित नियतकालिक काढले. १९६०च्या दशकात 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' अशी पत्रे निघत आणि थांबत राहिली. अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले, तुळसी परब, वसंत गुर्जर ही नावे या चळवळीशी निगडित आहेत. मेणकागदावर टंकलिखित केलेला मजकूर, हाताने फिरविलेले यंत्र, टाचणीने जोडलेली पाने आणि ओळखीपाळखीतून होणारे वाटप, अशी ही निर्मिती होती. कोणी पैसे दिले तर घेतले जात, नाही दिले तर अंक थांबत नसे. 'सत्यकथा' या प्रतिष्ठित मासिकाच्या अंकाची १९६९ मध्ये मुंबईत मौजेच्या कार्यालयासमोर केलेली होळी ही या विरोधाची सर्वांत गाजलेली घटना. जिच्याविरुद्ध होळी केली ती 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली; लघुनियतकालिके त्यापूर्वीच विझू लागली होती.

तथापि एक भेद लक्षात घेतला पाहिजे. लघुनियतकालिकांचा वाचक हा बहुधा लेखकच असे. गावात आज रात्री कोणाचे गाणे आहे, तिकीट किती, बसायला सतरंजी आहे की खुर्ची, हे सांगणे त्यांना आपले काम वाटले नाही. अमेरिकी साप्ताहिकांनी बंडखोरी आणि कार्यक्रमसूची एकाच वेष्टनात दिली. सूचीसाठी उचललेल्या अंकात वाचकाला शोधलेख सापडत असे. मराठीत सूची दैनिकांकडे राहिली आणि बंडखोरी अनियतकालिकांकडे.

तालुक्याच्या ठिकाणची स्थिती

मोठ्या शहराबाहेर या प्रकाराचे कार्य कोण करते, हा स्वतंत्र विषय आहे. वाशीम जिल्ह्यातील मानोरा हे तालुक्याचे ठिकाण त्यासाठी उदाहरण म्हणून घेता येते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वृत्तपत्रांचा नकाशा मात्र त्या तारखेला बदलला नाही. अकोला, अमरावती व नागपूर येथून निघणाऱ्या दैनिकांची जिल्हा पाने हीच येथील मुख्य वृत्तसेवा राहिली. अशा पानावर तालुक्याच्या वाट्याला येणारी जागा पीककर्ज, अपघात, पाणीटंचाई आणि पुढाऱ्यांचे दौरे यांतच संपते. कलेची बातमी येते ती 'कार्यक्रम उत्साहात संपन्न' या शीर्षकाखाली, आणि तीत मंचावरील मान्यवरांची नावे असतात. गायकाने काय गायिले ते नसते.

वस्तुतः या परिसरात नोंद घेण्याजोगे पुष्कळ आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ बंजारा समाजाची काशी मानले जाते. रामनवमीच्या यात्रेला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नगाऱ्याच्या साथीने होणारी भजने, होळीच्या दिवसांत तांड्यातांड्यांवर रंगणारी लेंगी गीते व त्यांसोबतची नृत्ये, स्त्रियांचे भरतकाम आणि आरसेकाम ही तेथील जिवंत कला होय. यात्रेची बातमी दरवर्षी येते आणि तीत गर्दी, वाहतूक व व्यवस्था यांचे वर्णन असते. लेंगी कोणी रचली, या वर्षी कोणता नवा विषय तीत आला, तरुण गायक जुन्यांहून वेगळे काय करतात, या अंगाने लिहिणारे परीक्षण मराठी वृत्तपत्रांत अपवादानेच आढळते. गोरमाटी भाषा न जाणणाऱ्या वार्ताहराला ते शक्यही नसते. वऱ्हाडातील भजनी मंडळे, भारूड, दंडार व खडीगंमत यांबाबतही अनुभव फारसा निराळा नाही.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची रंगभूमी याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. वडसा येथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये असून तेथून प्रयोगांच्या सुपाऱ्या ठरतात. एवढा मोठा व्यवसाय भित्तिपत्रके, हँडबिले आणि भोंगा लावून फिरणारी गाडी यांवर चालत आला आहे. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मोठ्या शहरांतील अनेक वाचकांना झाडीपट्टीचे नाव त्या बातमीतून प्रथम कळले. हँडबिल हे मोफत असते, स्थानिक असते आणि करमणुकीची वार्ताही देते. त्यात नसते ते परीक्षण. नाटक पडले तर ते पडले असे छापून सांगणारा कोणी नसतो, आणि रंगले तर त्याचाही लेखी पुरावा मागे राहत नाही.

तालुका व जिल्हा पातळीवर छोटी साप्ताहिके महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांच्या मुखपृष्ठावर किंमत छापलेली असते. प्रत्यक्षात बराचसा अंक कचेऱ्यांतून आणि ओळखीच्या दुकानांतून विनामूल्य दिला जातो. त्या अर्थाने ती मोफत साप्ताहिकेच होत. परंतु त्यांचे उत्पन्न शेकडो लहान जाहिरातदारांकडून येत नाही. शासनमान्य यादीत असलेल्या पत्रांना मिळणाऱ्या शासकीय जाहिराती, निविदा सूचना, जाहीर नोटिसा आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा यांवर त्यांचा प्रपंच चालतो. अनेक ठिकाणी वार्ताहर आणि जाहिरात गोळा करणारा हा एकच माणूस असतो. ज्याच्या विरोधात लिहावयाचे त्याच्याकडेच पंधरवड्यानंतर जाहिरातीसाठी जावे लागत असेल, तर लेखणीचा हात आखडतो. यात संपादकांच्या नीतिमत्तेला दोष देण्यापेक्षा बाजारपेठेचा आकार पाहणे योग्य ठरेल. तालुक्याच्या गावात किराणा, कृषी केंद्र, कापडदुकान, औषधालय आणि दोन-चार शिकवण्या एवढेच जाहिरातदार असतात आणि त्यांना आपला ग्राहक नावानिशी ठाऊक असतो. ओळखीच्या ग्राहकाला बोलाविण्यासाठी जाहिरात कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

स्मार्टफोनच्या प्रसारानंतर विनामूल्य वृत्तवाटपाचे काम व्हॉट्सॲप गट आणि यूट्यूब वाहिन्यांकडे गेले. छापील साप्ताहिकांचे अंकही आता अनेकदा पीडीएफ स्वरूपातच फिरतात. लेंगी, भजने आणि दंडार यांची ध्वनिचित्रमुद्रणे यूट्यूबवर आढळतात, ही पूर्वी नसलेली सोय आहे. मात्र त्यांच्यासोबत रचनाकाराचे नाव, गाव आणि प्रसंग यांची नोंद पुष्कळदा नसते.

जतन

मोफत पत्राला किंमत नसल्यामुळे ते जपून ठेवण्याची बुद्धीही कमी होते. ग्रंथ व वृत्तपत्रे प्रदान (सार्वजनिक ग्रंथालये) अधिनियम, १९५४ याची व्याप्ती १९५६ मध्ये वृत्तपत्रांपर्यंत वाढविण्यात आली. त्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठविणे आवश्यक असते. मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकीच एक. लहान साप्ताहिकांकडून हे नियमाने होतेच असे नाही. लघुनियतकालिकांच्या बाबतीत तर अंक सापडणे हेच संशोधन ठरते. शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली मराठी नियतकालिकांची सूची १९५० पर्यंत येऊन थांबते. म्हणजे चक्रमुद्रित पत्रांचा आणि जिल्हा साप्ताहिकांचा बहराचा काळ त्या सूचीच्या मर्यादेबाहेर पडतो. 'शब्द' किंवा 'असो' यांचे उपलब्ध अंक आज प्रामुख्याने खाजगी संग्रहांत आणि काही ग्रंथालयांत आहेत. तालुक्याच्या साप्ताहिकांच्या फायली त्यांच्या संपादकांच्या घरी, छापखान्याच्या माळ्यावर किंवा गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत असतात. तेथे पावसाळ्यात ओल येते, आणि वाळवी लागली की फाइलीचा वरचा व खालचा अंक तेवढा शाबूत राहतो.